साल विचारू नकोस, खूण विचार

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. दर रविवारी तू आजीच्या आठवणी रेकॉर्ड करतेस. आजी एकदा म्हणते लग्न चौदाव्या वर्षी झालं, पुढच्या रविवारी म्हणते सोळाव्या. जन्मसाल विचारलं की "मला मेलीला काय कळतंय, तुझ्या बापाला विचार" म्हणून उठून जाते. त्यावरून तू ठरवलंस की तिचं डोकं आता चालत नाही, रेकॉर्डिंग बंद करावं. डोकं चांगलं चालतंय तिचं. प्रश्न तुझा चुकला. पाटणकडच्या त्या बाईला तू फॉर्म भरायला लावतेस!

साल विचारू नकोस. साल हे शाळेत गेलेल्यांचं, कचेरीतल्यांचं माप. तिचं माप वेगळं आहे: पेरणी, बाळंतपणं, कुणाचं लग्न, कुठली आपत्ती. त्या खुणा तू विचार, सालाचा हिशेब मग तू घरी बसून कर. ते तुझं काम आहे.

तुमच्या भागात सगळ्यात पक्की खूण कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमारास. "भूकंप आठवतो का?" असं विचारलंस तर "हो" म्हणेल आणि गप्प बसेल. विचार, "त्या पहाटे कडेवर कोण होतं? पोटात कोण होतं? रात्री कुठं झोपलात?" एका दमात तीन मुलांची वयं हाती लागतील. पण इथंही एक खड्डा आहे. तिकडे त्याच वर्षी सप्टेंबरात एक मोठा हादरा बसला होता, डिसेंबरानंतर तर कित्येक वर्षं धक्के येत राहिले. म्हणून विचारायचं, "घरं पडली तो, का नुसती भांडी वाजली तो?" दुष्काळाचंही तसंच. दोन-तीन दुष्काळ बोलताना एक होऊन जातात. "मिलो खाल्ली का? सुकडी मिळायची का? खडी फोडायला कोण जायचं?" मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेला खाऊ, खडी फोडणं म्हणजे दुष्काळी काम. याला हो आलं की तो १९७२चा. पैशावरूनही कळतं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. मजुरी आण्यांत सांगते का नव्या पैशांत, तेवढं बघ. मात्र 'चार आणे' हा शब्द पुढेही पंचवीस पैशांसाठी चालत राहिला, त्यामुळे एवढ्याच पुराव्यावर उडी मारू नकोस.

आता चौदा आणि सोळा. जुनी माणसं वय दोन तऱ्हांनी सांगतात, 'पूर्ण' आणि 'लागलं'. चौदा पूर्ण म्हणजे पंधरावं चालू. सोळावं लागलं म्हणजे पंधरा पूर्ण. तुला जिथं दोन वर्षांचा घोळ दिसतो तिथं फरक एकाच वर्षाचा निघतो. शिवाय १९४९पासून १९७८पर्यंत कायद्यात मुलीच्या लग्नाची मर्यादा १५ होती. चारचौघांत एखादं वर्ष वाढवून सांगायची सवय त्यातूनही लागलेली असू शकते. तू विचारलंस तेव्हा खोलीत आणखी कोण होतं? हे तू लिहिलं नाहीस, आणि तेच हवं होतं.

वयाऐवजी हे विचार: लग्नात शालू नेसवला तेव्हा पदर आला होता का (म्हणजे पाळी सुरू झाली होती का), लग्नानंतर किती दिवसांनी सासरी नांदायला आली, तेव्हा धाकटी नणंद चालत होती का. नणंदेचं वय कुठल्या तरी दाखल्यावर असेलच. मुलांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं तर मधलं एखादं दगावलेलं असू शकतं. ते सुनांसमोर, रेकॉर्डिंग चालू ठेवून विचारायचं नाही. ती स्वतः बोलली तर ऐक, नाहीतर सोड.

कागदांवर फार विसंबू नकोस. आजोबांच्या आधारकार्डावर १ जून असेल. त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख ती. जन्मपत्रिका सापडली तर तिच्यातल्या शकात ७८ मिळव, इसवी सन निघतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा जन्म असेल तर ७९. "अधिकातली आहे मी" असं म्हणाली तर ती सोन्याची खूण. अधिक महिना दर वर्षी येत नाही. उदाहरणार्थ, अधिक श्रावण १९४७मध्ये होता (स्वातंत्र्य मिळालं तेच दिवस). जमिनीच्या फेरफारातली वारसनोंद नावांसाठी उत्तम, तारखेसाठी नाही. माणूस गेल्यावर कित्येकदा वर्षांनंतर नोंद घातली जाते. जुनी कोतवाल बुकं (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या) तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, पण पुष्कळदा ती मोडी लिपीत, आणि मुलीचं नाव नाही, नुसतं 'मुलगी' आणि बापाचं नाव. म्हणजे तिथं जायच्या आधी निदान ऋतू आणि दोन-तीन वर्षांचा पट्टा हातात पाहिजे. तो कोण देणार? आजीच. कसा? परत तेच: साल विचारू नकोस.

लोक मला म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला मोकळं बोलू द्यावं, ही कसली पोलीस चौकशी. मी ऐकून घेतो आणि माझंच करतो. खूण नसलेल्या कॅसेटी माझ्याकडेही आहेत. आवाज गोड आहेत. कोण कधीचं बोलतंय ते आता कुणालाच सांगता येत नाही. मला हट्टी म्हण.

एक गोष्ट मात्र सोडू नकोस. प्रत्येक हकिकतीला विचार, "तू होतीस तिथं?" पाहिलं आणि ऐकलं, वहीत दोन रकाने कर. ऐकलेलं कमी किमतीचं मानू नकोस. आजी शहाऐंशीची, तिला सांभाळणारी तिची आजी १८८५च्या आसपासची धरली, तर १८९६-९७च्या प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिलेलं पोर तुझ्यापासून दोनच माणसं लांब आहे. "तुझी आजी साथीचं काय सांगायची?" हा प्रश्न आजवर कुणी तिला विचारला नसेल.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. सकाळी चहा झाल्यावर, पाऊण तासाच्या वर नाही. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बस. पंखा बंद, फोन एरोप्लेन मोडवर, हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर. नुसत्या स्टूलवर ठेवलास तर प्रत्येक कपबशी बंदुकीसारखी वाजते. सुरुवातीला तारीख, गाव, हजर कोण ते स्वतःच्या आवाजात बोल. मूळ फाइल नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळी होऊ नकोस. दोन जागी उतरवून ठेव.

येत्या रविवारी वही-पेन बाजूला ठेव आणि माळ्यावरची पितळी भांडी खाली काढ. लग्नातली पातेली, घागर, तांबे. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं: कुणाकडून, कुणास, कधीकधी तारीखही. घासून घासून अक्षरं बुजलेली असतील. चिंचेने घासायचा उत्साह नको, उरलंसुरलं जाईल. चिमूटभर गव्हाचं पीठ बोटाने अक्षरांवर चोळ, वरचं फडक्याने पुसून टाक, खोलगट ठिपक्यांत पांढरं राहील. खोलीत अंधार करून टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून आडवा धर. फोटो काढ. मग ते भांडं आजीच्या मांडीवर दे, आणि "हे कुणी दिलं गं?" एवढंच विचारून गप्प बस. गप्प म्हणजे गप्प. मनात वीस आकडे मोज.

काय म्हणाली ते कळव.

तुझा,
काका