नुकतंच घडलेलं इंग्रजीत कसं सांगायचं?

तुम्ही विचारलंय की टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला लागलोय, बाहेरच्या पार्टीचा फोन आला की 'नुकतंच', 'परवा', 'हल्ली' सगळं एका 'रिसेंटली'वर भागवतो, दुसरं काय बोलता येईल?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मीही हेच काम करतो, म्हणून लिहितोय. 'रिसेंटली' चूक नाही, पण बोलताना जरा पत्रातलं वाटतं. त्याआधी 'बिफोर टू डेज' सोडा. आपल्याकडं निम्मं ऑफिस तसंच बोलतं. माल दोन दिवसांपूर्वी गेला असेल तर 'वी सेंट इट टू डेज अगो'. 'अगो', 'यस्टरडे', 'लास्ट वीक' आलं की 'हॅव' घुसवायचं नाही. आत्ताच गाडी गेली, वेळ सांगायची नाही, तर 'वी हॅव जस्ट डिस्पॅच्ड द सॅम्पल्स'. अमेरिकन बायर 'हॅव' गाळून 'वी जस्ट डिस्पॅच्ड' म्हणेल. चालतं तेही, त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.

मला आवडतं ते 'दि अदर डे'. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरली की आपण 'परवा गड्ड्यावर भेटला होता की' म्हणतो, तेव्हा मोजून परवाच असतो असं नाही, चार-सहा दिवसही झालेले असतात. तो सैल परवा म्हणजे 'दि अदर डे': 'आय मेट हिम ॲट द फेअर दि अदर डे'. 'दुसऱ्या दिवशी' असा अर्थ लावू नका. खराखुरा परवा असेल तर 'द डे बिफोर यस्टरडे'. सॅम्पल कधी पाठवलं असं बायरनं विचारलं, तर मात्र सरळ तारीख सांगायची.

'लेटली' म्हणजे गेले काही दिवस चाललेलं. 'यार्न हॅज बीन एक्स्पेन्सिव्ह लेटली' बरोबर. एकदाच घेतलेल्या गाडीला 'आय बॉट अ बाइक लेटली' कानाला खटकतं. उशिराशी याचा संबंध नाही. माल उशिरा निघाला हे कळवायला 'डिस्पॅच्ड लेटली' लिहिलेली मेल मी वाचलीय, आणि त्यावर बायरनं आनंदानं 'थँक यू' लिहिलेलंही!

'अ व्हाइल अगो' ऐकलं की सावध व्हा. त्यात अर्धा तासही बसतो आणि सहा महिनेही. 'वी पेड अ व्हाइल अगो' असं कुणी म्हणालं, तर लगेच 'ऑन विच डेट?' विचारा आणि बँकेचं स्टेटमेंट उघडा.