दिवाणजींची दुसरी वही

डोक्याला मार लागून दोन-तीन महिने झाले, सीटी स्कॅन नॉर्मल आला, डॉक्टरांनी घरी सोडले, तरीही माणूस पूर्वीसारखा का होत नाही, हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून अनेकदा येतो. तो विचारते ती बहुधा पत्नी किंवा आई, आणि ज्याला मार लागला आहे तो शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला असतो. या वेळी जे गृहस्थ आले होते, ते कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या एका अडत दुकानात वीस वर्षांहून अधिक काळ दिवाणजी, म्हणजे हिशेबनीस, आहेत. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, आणि इथे त्यांना दिवाणजी एवढेच म्हणणार आहे.

जूनअखेरच्या पावसात यार्डातून घरी येताना त्यांची स्कूटर घसरली. हेल्मेट नव्हते. मिनिटभर शुद्ध गेली, एकदा उलटी झाली, आणि पडण्याआधीची दहा-पंधरा मिनिटे त्यांना आजही आठवत नाहीत. रुग्णालयातून दुसऱ्या दिवशी सोडताना "आठ-पंधरा दिवसांत बरे व्हाल" असे सांगण्यात आले होते. ते माझ्याकडे आले ते गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात. संध्याकाळ झाली म्हणून मी ट्यूबलाइट लावायला उठले, तर बटण दाबण्याआधीच त्यांनी तळहात डोळ्यांवर धरला. आम्ही उरलेला तास खिडकीच्या उजेडात बसलो.

त्यांच्या पत्नी सांगत होत्या, "आमचे हे दिवसभर आतल्या खोलीत पडदा ओढून पडतात. कुकरची शिट्टी झाली की पोरावर ओरडतात. विसर्जनाच्या रात्री गल्लीतून डॉल्बी गेली, तर उशीत डोकं खुपसून रडले. भावजी म्हणतात, रिपोर्टात काय न्हाय, मग हे सगळं मनाचं हाय." दिवाणजी बराच वेळ गप्प होते, आणि मग एवढेच म्हणाले, "पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, तोंडी करायचो मी मॅडम. आता हमाली, तोलाई, अडत वजा करेपर्यंत वरची रक्कमच विसरतो. खुळा व्हायलोय का मी?" जगणे नकोसे वाटते का, हे मी त्यांना सरळ विचारले. तसे काही नव्हते. मात्र "आपला आता उपयोग काय" हा विचार रोज येत होता.

त्यांना सगळ्यांत आधी हवे होते ते स्पष्टीकरण, आणि ते कोणीही दिलेले नव्हते. सीटी स्कॅन हाड मोडले आहे का, रक्तस्राव किंवा मोठी सूज आहे का, हे पाहण्यासाठी असतो. जीव वाचवण्याच्या दृष्टीने तेच आधी पाहायचे असते. कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला हादरा बसतो तेव्हा, चेतातंतू ताणले जातात, पेशींमधील क्षारांचा समतोल बिघडतो, आणि तो सावरण्यासाठी पेशींना जास्त ऊर्जा लागत असतानाच तिचा पुरवठा अपुरा पडतो. यातले काहीही त्या छायाचित्रात दिसत नाही. मी हे शक्य तितके सोपे करून सांगत असताना दिवाणजींनीच मला थांबवले. "म्हणजे काट्यावर रव्याचं, गुळाच्या ढेपेचं, वजन बरोबर भरलं, पण फोडल्यावर आत गूळ कसा निघंल ते काटा सांगत न्हाई," ते म्हणाले. त्यानंतर मी माझे स्पष्टीकरण सोडून दिले आणि इतर रुग्णांनाही आता हेच वाक्य सांगते.

बहुतेक लोक काही दिवसांत ते काही आठवड्यांत सावरतात, पण काही जणांची लक्षणे तीन महिन्यांच्या पुढेही रेंगाळतात. हे रेंगाळणे म्हणजे मेंदू अजून तितकाच दुखावलेला आहे असे नव्हे. बिघडलेली झोप, आखडलेली मान, कानातील तोलाचा बिघाड, अर्धशिशीसारखी डोकेदुखी, भीती आणि दिवसचे दिवस पडून राहणे अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून "सगळे मनाचे" हे जितके चूक, तितकेच "मनाचा काही संबंध नाही" हेही चूक.

इथे एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या भेटीत मी त्यांच्या भीतीवर इतकी रेंगाळले, की अंथरुणात उजव्या कुशीवर वळले की खोली फिरते, हे त्यांनी जाता जाता सांगितलेले वाक्य मी वहीत टिपले आणि पुढे गेले. रात्री टिपणे वाचताना ते पुन्हा समोर आले, आणि सकाळी फोन करून मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवले. आतल्या कानातील सूक्ष्म खडे मार लागल्याने जागेवरून सरकले, तर मान विशिष्ट बाजूला वळवताच काही सेकंद गरगरते. डॉक्टरांनी टेबलावर आडवे करून, डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे जागी आणले, आणि दोन भेटींत ती चक्कर गेली. अडीच महिने ज्या चक्करेला घरात "टेन्शन" म्हटले जात होते, तिच्यावर एकही गोळी लागली नाही.

दुसरे कारण त्यांच्या वहीतून निघाले. मी त्यांना रोज चारच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या: काय केले, किती वेळ केले, आधी आणि नंतर डोके दहापैकी किती दुखत होते, आणि कोणती गोळी घेतली. हिशेबाची सवय असलेला माणूस, त्यामुळे वही लाल-निळ्या शाईत, रकाने आखून आली. तीन आठवड्यांच्या एकवीस दिवसांपैकी सतरा दिवस डोकेदुखीची गोळी होती, आणि हे जूनपासून असेच चालू होते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. मेंदूविकारतज्ज्ञांनी ती थांबवून दुसरे, रोखणारे औषध सुरू केले. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. ते तसे जाणार हे आधी सांगून ठेवले होते म्हणूनच ते निभावले.

त्याच वहीत तिसरी गोष्ट दिसत होती, ती मला जवळजवळ प्रत्येक रुग्णात दिसते. बरे वाटलेल्या दिवशी ते यार्डात जाऊन साचलेले सगळे काम एका बैठकीत उपसत, आणि पुढचे तीन दिवस अंधाऱ्या खोलीत काढत. "मग विश्रांतीच घ्यायची ना?" असे पत्नीने विचारले. पूर्वी आम्हीही तसेच सांगत असू. २०२२ साली ॲम्स्टरडॅमला खेळांतील कन्कशनवर जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनात मात्र पहिल्या एक-दोन दिवसांपुरतीच आणि तीही सापेक्ष, म्हणजे पूर्ण पडून न राहता घ्यायची, विश्रांती सुचवली आहे. त्यानंतर झेपेल तितकी हालचाल हाच उपचाराचा भाग मानला आहे. निवेदन खेळाडूंसाठीचे असले तरी त्यातील एक माप आम्ही दिवाणजींसाठी वापरले. एखादे काम करताना त्रास दहाच्या मापावर आधीपेक्षा जास्तीत जास्त दोन अंकांनी वाढला आणि तासाभरात खाली आला, तर चालेल. त्याहून वाढला, तर काम चुकीचे नाही, त्याचे माप चुकले.

सुरुवात रंकाळा तलावावर झाली. पहाटे, वर्दळ सुरू होण्याआधी, दहा मिनिटे. टॉवरपासून निघून जिथे पाच मिनिटे भरतील तिथून मागे. पहिल्या आठवड्यात त्यांना याचीच लाज वाटत होती, कारण ओळखीचे लोक त्यांना ओलांडून जात. दर आठवड्याला थोडे वाढवत सहाव्या आठवड्यात ते संध्यामठाच्या पुढे जाऊ लागले. स्कूटर मात्र डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बंद ठेवली, आणि दारूही. सावरत असलेल्या डोक्याला दुसरा मार बसू देणे परवडत नाही.

विसरण्याबद्दलची भीती शेवटपर्यंत चिवट राहिली. मार लागल्यानंतर माणसाला आपले पूर्वीचे विसरणे आठवत नाही, आणि प्रत्येक चूक अपघाताच्या खात्यावर पडते. चष्मा सापडला नाही म्हणून ते एकदा फार खचून सांगत होते, तेव्हा पत्नी हसल्या. "चष्मा कुठं हाय हे तुम्ही लग्न झाल्यापासून विचारताय," त्या म्हणाल्या. तेही हसले, माझ्या खोलीत पहिल्यांदाच.

त्यांच्या संमतीने मी दुकानाच्या मालकांशी बोलले. "दिवाणजींना सांभाळून घ्या" असे म्हटल्याने काहीच होत नाही. मालक चार दिवस सांभाळतो आणि पाचव्या दिवशी विसरतो, कारण त्याला समोर धडधाकट माणूस दिसत असतो. म्हणून ठरले ते मोजून: सकाळचे दोन तास, मागच्या खोलीत, फोनशिवाय, प्रत्येक पट्टी कॅल्क्युलेटरवर आणि दोनदा तपासून. कॅल्क्युलेटरला हात लावायला त्यांना सर्वांत जड गेले.

दिवाळीच्या पाडव्याला यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे होतात, आणि वीस वर्षांत ते चुकलेले नव्हते. जावे की नाही यावर आम्ही अख्खी भेट घालवली. ते कानात बोळे घालून, डोक्यावर टोपी ओढून, मालकांच्या मागे उभे राहिले आणि चाळीस मिनिटांनी स्वतःहून बाहेर पडले. वहीत त्या दिवशी सहा अंक आहेत, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी तीन. सप्टेंबरात अशा दिवसानंतर आठ अंक असत.

अशा घरांना मी एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगते, आणि त्यांनाही सांगितली होती: डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या होऊ लागल्या, झटका आला, बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर ही लक्षणे रेंगाळण्यातली नव्हेत, त्याच क्षणी रुग्णालयात जायचे. वयस्कर माणसांत कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकते.

फेब्रुवारीतील भेटीत दिवाणजी अर्धा दिवस काम करत होते. डोकेदुखी महिन्यातून चार-पाच वेळा येते, ट्यूबलाइट अजून नको वाटते, आणि दुपारी तीननंतर आकडे सरकू लागतात. गुढीपाडव्यापासून पूर्ण दिवस येणार का, असे मालकांनी विचारले आहे. आम्ही ठरवलेले उत्तर पाच तासांचे आहे, आणि त्यातला शेवटचा तास आकडेमोडीचा नसेल.