शिबिराची हवा उतरल्यावर पुढे काय? पुरुषांच्या ग्रुपबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी पुरुषांच्या सपोर्ट ग्रुपबद्दल, म्हणजे नियमित एकत्र बसून मनातलं बोलणाऱ्या पुरुषांच्या गटाबद्दल, लिहिलं तेव्हा वाटलं होतं दोन-तीन जण विचारतील 'असा ग्रुप कुठे असतो'. पण आले ते प्रश्न वेगळेच. ग्रुप सापडलाय, जाऊन झालंय, आता टिकत नाहीये, असे. मी स्वतः समुपदेशक आहे आणि गेली बारा वर्षं अशाच एका ग्रुपात बसतो (मधली दीड वर्षं सोडून, ते शेवटी सांगतो), त्यामुळे काही उत्तरं अभ्यासातली आहेत आणि बरीचशी खुर्चीत बसून बसून आलेली.

प्रश्न : दादा, वय ३८, पुण्यात आयटीत आहे. लोणावळ्याजवळ पुरुषांचं तीन दिवसांचं शिबिर केलं, ढसाढसा रडलो, वाटलं आता आयुष्यच बदललं. त्यानंतर आम्ही दहा जण दर दुसऱ्या रविवारी बसतो. आठ महिने झाले. आता तेच चेहरे, तीच रडगाणी. जायच्या आदल्या रात्रीच कंटाळा येतो. सोडू का?

लगेच नको सोडूस. आधी एक गोष्ट मान्य कर, शिबिरात जे वाटलं ते परत वाटणार नाहीये. शिबिर बनवलेलंच तसं असतं. फोन काढून घेतलेला, झोप अर्धवट, आजूबाजूला अनोळखी माणसं, ना ईएमआय ना मॅनेजर ना मुलाची फी. अशा ठिकाणी माणूस उघडा पडतो आणि मोकळाही होतो, पण पुण्यात परत येऊन चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमधे शिरलास की निम्मं तिथेच जातं. हे नवीन नाहीये. अमेरिकेत १९८५ ला विस्कॉन्सिनमधे सुरू झालेली 'मॅनकाइंड प्रोजेक्ट' ही पुरुषांची संघटना वीकएंडच्या शिबिरासाठी प्रसिद्ध आहे, पण तेसुद्धा शिबिरानंतर छोट्या गटात नियमित बसायला सांगतात. आपल्याकडे पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथे पाच आठवडे राहून बाहेर पडलेल्या माणसाला पाठपुराव्याला बोलवत राहतात, कारण दारू सुटणं वेगळं आणि सुटलेली राहणं वेगळं.

आता कंटाळ्याचं. तुला पटणार नाही कदाचित, पण आठव्या-नवव्या महिन्यात येणारा कंटाळा बऱ्याचदा कंटाळा नसतोच. प्रत्येकाकडे एक 'सांगण्यासारखी' गोष्ट असते, ती सांगून संपते, आणि त्याच्या खालची घशाशी येऊन अडकते. माझी पहिली गोष्ट वडिलांच्या माराची होती, ती मी इतकी छान सांगायचो की ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यायचं. जे सांगत नव्हतो ते हे की माझ्याच दहावीतल्या पोराशी मी चार महिने धड बोललो नव्हतो. तेव्हा मलाही इतरांची रडगाणी अचानक फार बोअर व्हायला लागली होती.

आणि एक अगदी साधा उपाय, काम अंगावर घे. हॉलची किल्ली, खुर्च्या, दूध-साखर, पुढच्या वेळचा निरोप, काहीही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना धरून राहणारे गट, १९३५ पासून चाललंय आणि तिथले जुने लोक नव्या माणसाला आजही हेच सांगतात, लवकर ये, खुर्च्या मांड, चहा कर. भजनी मंडळात बघ, ज्याचा सूर लागत नाही त्याच्या हातात टाळ देतात, आणि वीस वर्षांनी बघितलंस तर गाणारे दोघं बदललेले असतात, टाळवाला तिथेच असतो. भिशीला माणूस का चुकत नाही? पैशासाठी म्हणशील, पण आपण नाही गेलो तर बाकीच्यांचं अडतं हेही असतंच की. 'मला आज काय मिळालं' हा हिशोब घेऊन गेलास तर तीनात एक रविवार फुकट जाणार. किल्लीच तुझ्याकडे असली की हिशोब करायला वेळ मिळत नाही.

तरीही आणखी तीन महिने जाऊन प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट वाटत असेल, कुणी हिणवत असेल, तर मात्र बिनधास्त सोड. पण तोंडावर सांगून सोड. व्हॉट्सअॅपवर गुपचूप 'लेफ्ट' दिसणं ही फार पुरुषी पद्धत आहे आणि आपण तिच्यातूनच बाहेर पडायला तिथे गेलो होतो.

प्रश्न : सर, बायको म्हणते 'तिथे बसून माझ्याच चुगल्या करता ना?' ग्रुपचा नियम आहे की आतलं बाहेर सांगायचं नाही. मग तिला सांगू काय? वाद नको म्हणून सध्या जाणंच कमी केलंय. (नाशिक, वय ४४)

नियम नीट समजून घ्या. दुसऱ्याचं बाहेर सांगायचं नाही, स्वतःचं सांगायला कुणी अडवलंय? 'आज मी माझ्या चिडण्याबद्दल बोललो' एवढं घरी आल्यावर सांगितलंत तरी अर्धी शंका जाते. आपण काय करतो, दाराची कडी उघडतो, 'कसं झालं?' वर 'ठीक' म्हणतो आणि टीव्ही लावतो. मग ती दुसरं काय समजणार. शिवाय महिन्यातले दोन रविवार सकाळी तुम्ही नसता, तेव्हा मुलं, सासूबाई, गॅसवरचं दूध हे सगळं कोण बघतं? त्याच्या बदल्यात उरलेले दोन रविवार तिचे, ती कुठे जाते ते विचारायचं नाही. एवढं करून बघा, जाणं कमी करावं लागणार नाही.

पण वहिनींच्या शंकेत तथ्य असू शकतं हेही म्हणतो. काही ग्रुप असे असतात की दोन तास नुसता बायकांचा उद्धार, सगळे खूश, चहा, घरी. त्याला सपोर्ट ग्रुप म्हणत नाहीत, तो कट्टा झाला, आणि कट्ट्यासाठी घरी खोटं बोलायची गरज नसते. मुंबईतल्या 'मावा'चं उदाहरण मला नेहमी आठवतं, मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज. १९९१ मधे एका पत्रकाराने पेपरात छोटी जाहिरात दिली, बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत म्हणून, आणि दोनशेच्या वर पुरुषांनी उत्तर दिलं! त्यातून १९९३ ला संस्था उभी राहिली. त्यांचा 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक तुम्ही कुठेतरी पाहिलाही असेल. म्हणजे पुरुषांनी एकत्र येणं हे बायकांच्या विरोधातच असतं असं काही नाही. ग्रुप बरा की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो, वर्षभरात माणसाचं घरातलं बोलणं बदललं का. आणि त्याचं उत्तर तुम्ही नाही द्यायचं, वहिनींना द्यायला सांगा.

प्रश्न : नमस्कार. मी मूळ सांगलीचा, वय ६७, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर. पत्नी गेल्यावर मुलाकडे मेलबर्नला आलो. सूनबाईने मराठी पुरुषांचा एक ऑनलाइन गट शोधून दिलाय, शनिवारी असतो. सगळे तरुण, भावनांबद्दल बोलतात. मला कॅमेऱ्यासमोर काही सुचत नाही. इंग्रजीही बेताचं. सून नाराज होऊ नये म्हणून बसतो झालं.

काका, तुम्ही योग्य देशात आहात! तुमच्यासारख्यांसाठीच तिथे 'मेन्स शेड' नावाचा प्रकार आहे. साधी मोठी शेड, आत लेथ, ड्रिल, सुतारकामाची हत्यारं, एका कोपऱ्यात चहाची किटली, आणि बहुतेक रिटायर झालेली माणसं कुणाची सायकल दुरुस्त कर, शाळेसाठी बाक कर, खेळणी कर असं करत बसलेली. या नावाची पहिली शेड तुमच्याच राज्यात, व्हिक्टोरियातल्या टोंगाला गावात १९९८ ला निघाली, २००७ मधे त्यांची देशभराची संघटना झाली आणि आता ऑस्ट्रेलियात हजाराच्या वर शेड आहेत. त्यांचं एक म्हणणं आहे, पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. आता हे तुम्हाला वर्कशॉपमधे कुणी वेगळं सांगायची गरज होती का? बसखाली आडवं पडून पाना मागता मागताच एकमेकांच्या घरचं कळायचं ना.

इंग्रजी बेताचं असलं तरी मायक्रोमीटर वाचता येतो, तेवढं पहिल्या महिन्याला पुरेल. मुलाला सांगून घराजवळची शेड शोधा, बहुतेक ठिकाणी आधी नुसतं जाऊन बघता येतं. शनिवारचा ऑनलाइन गटही एकदम सोडू नका, महिन्यातून एकदा बसा. मात्र त्यांना स्पष्ट सांगा, मी ऐकतो, मला बोलायचा आग्रह करू नका. सहा महिन्यांनी काकूंबद्दल बोलावंसं वाटलं तर तिथे मराठीत बोलता येईल, ते शेडमधे जमणार नाही. आणि सूनबाईंचं म्हणाल तर तुम्ही दुपारी तेलकट हाताने घरी आलात तरच ती खूश होईल बघा.

प्रश्न : आमच्या ग्रुपातला एक जण मागच्या बैठकीत म्हणाला, 'मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल.' सगळे गप्प झाले, मग विषय बदलला. मी ग्रुप चालवायला मदत करतो. आतलं बाहेर न्यायचं नाही असं ठरलंय. मी काय करावं? (कोल्हापूर)

हे वाचून संपायच्या आत त्याला फोन करा. खरंच.

आणि सरळ विचारा, 'जीव द्यायचे विचार येतात का?' असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, उलट कुणीतरी शब्द उच्चारला म्हणून सुटल्यासारखं होतं. हो म्हणाला तर पुढे विचारा, कसं करायचं ठरवलंय का, काही जवळ आणून ठेवलंय का. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. गुप्ततेचा नियम इथे संपतो. खरं तर हे पहिल्याच बैठकीत सांगायला हवं असतं की जिवाला धोका असेल तिथे आम्ही गप्प बसणार नाही. तुमच्याकडे सांगितलं नसेल तर येत्या बैठकीत सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ग्रुपातल्या प्रत्येकाच्या फोनमधे असू दे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

एनसीआरबीच्या (केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांत २०२२ मधे देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात १ लाख २२ हजारांहून जास्त पुरुष. आपले ग्रुप असतात ते यासाठी, आणि नेमकं त्याच वाक्याला आपण विषय बदलतो. तुम्हाला बोल नाही लावत, माझ्या ग्रुपातही एकदा हेच झालं होतं, कुणीतरी घाबरून क्रिकेट काढलं. तो माणूस आज आहे, पण त्याचं श्रेय आम्हाला नाही, त्याच्या मेव्हण्याला आहे.

प्रश्न : एक काका प्रत्येकाला सल्ला देतात. 'माझं ऐक, प्राणायाम कर.' त्यांच्यामुळे तिघं यायचे बंद झाले. वयाने मोठे आहेत, बोलायचं कसं?

सगळ्यांसाठी नियम करा, बोलणाऱ्याने विचारल्याशिवाय सल्ला नाही. काकांचं नाव घ्यायची गरजच नाही. आणि त्यांना एकदा बाजूला घेऊन विचारा, तुमचं कसं चाललंय? प्राणायामवाल्यांना हे सहसा कुणी विचारलेलं नसतं.

प्रश्न : आमचे मेंटर म्हणतात शिबिराची पुढची लेव्हल केल्याशिवाय ग्रुपात राहून उपयोग नाही. फी ४५ हजार. करू का?

नाही. हॉलचं भाडं आणि चहा वर्गणीत भागतो. राहायचं असेल तर पैसे भरा असं म्हणणाऱ्याला तुम्ही गिऱ्हाईक आहात. थेरपिस्टची फी द्यायला माझी ना नाही, पण त्याचं शिक्षण विचारून, पावती घेऊन.

प्रश्न : दोन वर्षं ग्रुपात होतो, नोकरी गेली तेव्हा जायचं बंद केलं. आता नोकरी लागलीये पण परत जायला लाज वाटते. अडचणीत होतो तेव्हा तोंड लपवलं, आता कुठल्या तोंडाने जाऊ? (ठाणे, वय ४१)

तुझा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझी दीड वर्षं अशीच गेली. धंद्यात पार्टनरने हात वर केले, देणी झाली, आणि जिथे जायला पाहिजे होतं नेमकं तिथेच जाणं थांबवलं. मला वाटायचं तिकडे सगळे माझ्याबद्दल बोलत असतील. पहिले दोन महिने फोन आले, मी उचलले नाहीत, मग तेही थांबले, आणि ते थांबले याचा मला रागही आला, म्हणजे बघ.

परत गेलो तेव्हा जिन्यात दोनदा थांबलो. वर भाषण तयार करून गेलो होतो, का आलो नाही, कसं झालं वगैरे. दारातच आमच्यातला एक बँकवाला कुकरएवढ्या मोठ्या पातेल्यात चहा ढवळत होता, माझ्याकडे बघून म्हणाला, 'अरे बरं झालं, खाली जा आणि अर्धा लिटर दूध आण, फाटलंय.' मी आणलं. भाषण राहिलंच. ते तीन बैठकांनंतर कधीतरी तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं.

तू आधी एकालाच फोन कर, ज्याच्याशी तुझं जरा जास्त जमायचं त्याला. 'रविवारी येतोय' एवढंच. कारणं देऊ नकोस. आणि जाताना दूध घेऊन जा.