हायर, रेंट, लीज आणि लेट यांत नेमका फरक काय?

लीज गोव्यात कुणाला शिकवायला नको. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा डिचोली-सांग्यातल्या ट्रकवाल्यांच्या पोरांनाही तो शब्द पाठ झाला. ठरलेली मुदत, सहीशिक्क्याचा कागद. लेट हा मालकाच्या तोंडचा शब्द, म्हणून रिकाम्या घरावर 'टू लेट'. भाडेकरू लेट करत नाही. संपलं.

खरी भानगड हायर-रेंटची. त्यावर मी बोलणारच, कारण माझ्या पाटीला घरच्याच माणसाने नावं ठेवली आहेत.

कळंगुटला माझ्या चौदा स्कूटरी भाड्याने जातात, काळ्या प्लेटीवर पिवळ्या आकड्यांच्या. धंदा सुरू केला तेव्हा म्हापशाच्या पेंटरकडून पत्र्याची पाटी करून घेतली, निळ्यावर पांढरं: 'बाइक्स ऑन हायर'. त्याच चवथीला बहीण आणि भावजी आले. भावजी तीन वर्षं अमेरिकेत काढून आलेले. हातात अर्धी नेवरी, आणि भर अंगणात म्हणतात, "अरे, हायर माणसाला करतात. तू काय स्कूटरला नोकरीवर ठेवलंस?" सगळे खो खो हसले. बाबासुद्धा! ते पोर्तुगीज काळात मराठी शाळेत शिकलेले, इंग्रजीचा गंध नाही, तरी हसले. घरात गणपती, म्हणून मी गप्प बसलो.

आता सांगतो. अमेरिकेपुरतं भावजींचं बरोबर. तिकडे गाडी रेंट, माणूस हायर. ब्रिटिश इंग्रजीत मात्र चार दिवसांसाठी घेतलेली गाडी, सायकल, लग्नाचा सूट, सगळं हायर. महिनोन्‌महिने राहायला घेतलेलं घर तेवढं रेंट. आपल्या देशात इंग्रजी आणलं कुणी? जुन्या टॅक्सीच्या मीटरवर 'फॉर हायर' लिहिलेलं असायचं ते काय उगाच? 1988 च्या मोटार वाहन कायद्यातही 'हायर ऑर रिवॉर्ड' असंच आहे.

दोन्ही देशांत चालेल असं हवं असेल तर पायलट लक्षात ठेवा. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डचा मोटारसायकल टॅक्सीवाला, विमानवाला नव्हे.) त्याच्या मागे बसलात तर गाडीबरोबर माणूसही आला, तो हायर. चावी तुमच्या हातात आली तर रेंट म्हणा, कुणी हसणार नाही. आणि रेंट दोन्हीकडून चालतो, देणाराही रेंट करतो, घेणाराही.

आपलं बरं, सगळ्याला एकच भाडं. घराचं भाडं, बसचं भाडं, आणि टॅक्सीवाला "भाडं मिळालं" म्हणतो तेव्हा तो चक्क माणूस असतो. इंग्रजीतला फेअरही तसाच, पैसेही आणि टॅक्सीतलं गिऱ्हाईकही. हे भावजींना विचारून बघायला हवं होतं.

एक कबूल करतो. हा धंदा ज्या केंद्रीय योजनेखाली चालतो तिचं नाव 'रेंट अ मोटर सायकल स्कीम, 1997'. परदेशी गिऱ्हाईकही येऊन रेंटच विचारतं. तेव्हा तुम्ही नवी पाटी करणार असाल तर खुशाल रेंट लिहा.

माझी यंदा पावसाआधी गंजली होती. पेंटरने विचारलं, "हायरच ठेवू ना?" म्हटलं, ठेव, आणि अक्षरं जरा मोठी काढ.