रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणं जात नाही. मनाचा आणि अंगदुखीचा खरंच संबंध असतो का?

तुम्ही विचारलंय की दीड वर्षं मान आणि कंबर दुखते, एमआरआयमध्ये 'वयानुसार थोडी झीज' एवढंच निघालं, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, आणि घरच्यांच्या नजरेत आता तुम्ही नाटकी ठरलाय. मग हे दुखणं मनाचं की शरीराचं?

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. हाच प्रश्न घेऊन मी तीन वर्षं दारोदार फिरलोय, म्हणून लिहितोय.

माझं सुरू झालं ऑगस्ट २०१९ च्या पुरात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या वेळी राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. नाल्याकडेच्या आमच्या गोदामात छातीएवढं पाणी होतं. ते उतरल्यावर भिजून फुगलेली कागदाची रिमं मी दोन दिवस एकट्यानं बाहेर काढली. (ओल्या कागदाचं रीम उचलून बघा एकदा, दगड परवडला.) तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला बेसिनवर वाकलो आणि कंबर धरली. इथवर गोष्ट सरळ आहे, स्नायू लचकला. असा लचका काही आठवड्यांत भरून येतो. माझा आला नाही.

त्याच महिन्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, वाटणीचा विषय काढला. बुडालेल्या मशिनींचं कर्ज माझ्या नावावर, रस्त्याकडची जागा त्यांच्याकडं. वडील गेल्यावर मला शिकवलं त्यांनीच, त्यामुळं मी तोंडातून ब्र काढला नाही. दर रविवारी ते हिशेबाला यायचे, चहा व्हायचा, मी "हो अण्णा, बघू अण्णा" करायचो.

पुढं गोळ्या, शेक, कमरेचा पट्टा, तालमीतल्या वस्तादांची मालीश, सगळं झालं. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगणं) हे दोन शब्द आले आणि मी ते डोक्यावर घेऊनच फिरायला लागलो. वाकणं बंद, गाडी बंद, नातवाला उचलणं बंद. दुखणं नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तर काय दिसतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता: काहीही दुखत नसलेल्या चाळिशीतल्या लोकांपैकी सुमारे ५० टक्क्यांच्या मणक्यात बल्ज आणि ६८ टक्क्यांच्या चकत्यांत झीज होती. म्हणजे माझ्या रिपोर्टमधला बल्ज पुराच्या आधीपासूनही असेल. रिपोर्ट हातात देताना हे एक वाक्य जोडलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं, असं मला आजही वाटतं.

मग आलं २०२२ चं गणपती विसर्जन. दोन वर्षांच्या कोरोनानंतर सगळं गाव रस्त्यावर. पापाची तिकटी ते गंगावेश मी मंडळाच्या पोरांबरोबर नाचलो, ट्रॉलीचं चाक अडकलं तेव्हा सगळ्यांबरोबर खांदा लावला, पहाटे चारला घरी आलो. कंबर एकदाही आठवली नाही. दोन दिवसांनी, रविवारी, अण्णांची गाडी दारात थांबली आणि मला खुर्चीतून उठता येईना.

बायको एवढंच म्हणाली, "परवा रात्री कुठं गेली होती कंबर?"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे मीच खोटारडा? तुमच्या घरच्यांच्या नजरेत तुम्हाला जे दिसतंय, ते मी त्या दिवशी स्वतःच्याच नजरेत बघितलं.

याचं उत्तर मला एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडं मिळालं. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही कोल्हापूरचे ना? कुस्ती बघितलीय का?" खासबागेत बोट निखळलेला पैलवान डाव टाकत राहतो, निकाल लागल्यावर हात धरून खाली बसतो. त्यानं कुस्ती चालू असताना नाटक केलं की नंतर? दोन्ही वेळेला बोट तेच, इजा तीच. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरनं हेच पाहिलं. गंभीर जखमी सैनिकांतल्या तीन-चतुर्थांश लोकांनी वेदनेचं औषध नको म्हटलं. जखम म्हणजे त्यांच्यासाठी रणांगणातून सुटका होती. आणि याच्या बरोबर उलटं उदाहरण १९९५ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधलं: एका बांधकाम मजुराच्या बुटातून १५ सेंटिमीटरचा खिळा आरपार गेला, तो इतका तळमळत होता की गुंगीचं औषध देऊन खिळा काढावा लागला. बूट उतरवला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, कातडीला ओरखडा नाही. त्याचं तळमळणं शंभर टक्के खरं होतं.

इजेची खबर मज्जारज्जूतून वर जाते, पण ती किती मोठी करून ऐकायची हे मेंदू ठरवतो. वरून खाली येणारे संदेश मज्जारज्जूतलं दार उघडतात किंवा लोटतात, ही कल्पना मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडली. त्यातले तपशील पुढं बदलले, गाभा टिकला. भीती, राग, अपमान यांत मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही वेदनेतही जागे असतात. वेदनेवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या व्याख्येतसुद्धा वेदना हा संवेदनेचा *आणि भावनेचा* अनुभव आहे, १९७९ पासून. 'मनाचं की शरीराचं' हा प्रश्नच आपण चुकीचा विचारतो, तुम्हीही आणि मीही.

मला सगळ्यात पटलं ते पुराचं उदाहरण, आणि ते माझं मीच लावलं. २०१९ च्या आधी आमच्या गल्लीत ३९ फुटांचा इशारा लागला तरी कुणी हलायचं नाही. आता जुलैत ३० फूट पाणी झालं की टेम्पो दारात लागतात, गाद्या माळ्यावर जातात. नदी तीच, लोकांच्या मनातली इशारा पातळी खाली आली. तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेल्या बऱ्याच दुखण्यांत मज्जासंस्थेचं असंच होतं. मूळ इजा भरते, पण साध्या वाकण्यालाही धोक्याचा भोंगा वाजतो. त्यात झोप उडालेली, राग गिळलेला, हालचाल बंद केलेली, की पातळी आणखी खाली.

उपाय म्हणून मी काय केलं? पहिल्यांदा वही. वही तरी कसली, चुकलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर मी रोज लिहायचो: किती वाजता दुखलं, दहापैकी किती, त्याआधी काय झालं. तीन आठवड्यांनी पत्रिका टेबलावर मांडल्या. गुरुवारी कागदाचा माल उतरतो, त्या दिवशी तीन-चार. रविवारी सकाळी, काहीही न उचलता, आठ. 'चि.सौ.कां.'च्या पाठीमागं माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं, नाकारणार कुणाला?

मग ताईंनी हळूहळू वाकायला लावलं. आधी रिकामं खोकं, मग पाव रीम, दुखलं तरी 'हा भोंगा आहे, पाणी नाही' असं स्वतःला बजावत. रंकाळ्याला संध्याकाळचा फेरा सुरू केला. डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत दिली होती, ती मी आधी फेकून दिलेली, कारण मेडिकलवाला म्हणाला ही डिप्रेशनची गोळी. कमी मात्रेत ती वेदनेचे संदेश मंद करायला देतात, हे नंतर कळलं. आणि एका रविवारी अण्णांना म्हणालो, "कर्जाचं मला पटलेलं नाही." आवाज थरथरत होता. ते चहा अर्धा ठेवून गेले. कंबर लगेच सुटली वगैरे काही नाही, उलट दोन दिवस जास्तच दुखली. वाटणी अजूनही झालेली नाही. पण आता महिन्यातून दोन-तीनदा दुखतं आणि मी कामाला जातो.

अमेरिकेत बोल्डरला १५१ कंबरदुखीच्या लोकांवर असाच प्रयोग झाला, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दुखणं म्हणजे धोका नव्हे हे मेंदूला पुन्हा शिकवायचं, चार आठवडे. त्या गटातले ६६ टक्के लोक जवळजवळ दुखण्यातून सुटले, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत १० टक्के. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं, त्यामुळं सगळ्यांना हेच लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

एक मात्र आधी बघा. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा किंवा पायातली ताकद कमी होणं, यांपैकी काही असेल तर मनाबिनाच्या गप्पा बाजूला, त्याच दिवशी दवाखाना. ताप, विनाकारण वजन उतरणं, पूर्वीचा कॅन्सर, पडल्याचा मार, हेही डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आणि टेन्शनच फार वाढलं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

यांतलं काही नसेल तर आजपासून तीन आठवडे लिहा आणि ते कागद घेऊनच पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जा. वेळ, दहापैकी किती, आणि त्याआधी तासाभरात कोण भेटलं किंवा कुणाचा फोन आला. तो शेवटचा रकाना सोडू नका. मी पहिले आठ दिवस नेमका तोच कोरा ठेवला होता.