जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेतली, आधी काय बदलू?

प्रश्न: स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस (230 एचपी) सेकंडहँड घेतली. 58,000 किमी झालेत, जुना सर्व्हिस रेकॉर्ड नाही. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर: रेकॉर्ड नाही म्हणजे काहीच झालेलं नाही, असंच धरा. इंजिन ऑइल फिल्टरसह बदला. साधारण 5.7 लिटर लागतं; डब्यावर व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) 502.00 मान्यता हवी. ड्रेन प्लग नवाच लावा, जुना पाझरतो.

खरा मुद्दा डीएसजीचा, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. या सहा गिअरच्या बॉक्सचे क्लच ऑइलमध्येच बुडालेले असतात. त्यांची झीज ऑइलमध्ये मिसळते आणि मेकाट्रॉनिकचे (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचे) व्हॉल्व्ह अडकून गिअर झटके देतात. म्हणून 60,000 किमीला ऑइल आणि फिल्टर बदलायचाच. सुमारे 5 लिटर लागेल. लेव्हल मात्र इंजिन चालू ठेवून, बॉक्सचं ऑइल 35 ते 45 अंशांवर असतानाच तपासतात. नागपुरात मे महिन्यात दुपारी हवाच 45 अंश! गरम ऑइल फुगतं, लेव्हल तपासायच्या भोकातून जास्तीचं वाहून जातं आणि बॉक्समध्ये कमी उरतं. गाडी रात्रभर गॅरेजात ठेवा, काम सकाळीच उरका. मेकॅनिक ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर न लावता ‘अंदाजानं भरतो’ म्हणाला, तर सरळ दुसरं गॅरेज बघा.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. कूलंटमध्ये नळाचं पाणी नको.