रोटुमन भाषेत एकाच शब्दाची दोन रूपं का असतात?

कारण त्या भाषेत शब्दाचं पूर्ण रूप आणि आखूड रूप अशी जोडीच असते, आणि कुठलं वापरायचं हे व्याकरण ठरवतं, बोलणाऱ्याची घाई नाही. रोटुमा हे फिजीच्या उत्तरेला पार एकटं पडलेलं छोटं बेट, तिथली ही भाषा. आखूड करताना बऱ्याच शब्दांत शेवटचं व्यंजन आणि स्वर चक्क जागा बदलतात, म्हणजे 'होसा' (फूल) चं होतं 'होआस', 'पुरे' (ठरवणं) चं 'पुएर'. काही शब्दांत शेवटचा स्वर नुसता गळतो, 'राको' चं 'राक', आणि काहींत गळता गळता आधीच्या स्वराला आपला रंग देऊन जातो, 'फुती' (ओढणं) मधला उ असा होतो की ओठ उ चे आणि जीभ ई ची, हे मला सगळ्यात भारी वाटतं कारण अशाने मूळ पाच स्वरांत नव्या स्वरांची भर पडते. अर्थही बदलतो: 'फामोरी' पूर्ण म्हटलं तर 'ती माणसं', आखूड केलं तर 'काही माणसं', वेगळा शब्द लावायची गरजच नाही. हे चर्चवर्ड नावाच्या मिशनऱ्याने 1940 साली छापलेल्या व्याकरणात नीट मांडलंय. फक्त एक, प्रत्येक वेळी 'ती' की 'काही' हाच फरक असतो असं धरू नका, नामानंतर विशेषण आलं की नाम तसंही आखूड होतं आणि नेमका नियम काय यावर भाषातज्ज्ञांचे अजून वाद आहेत.